चुकीच्या क्लिकची गंमत : सॅम आणि मॅक्सविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकातील ‘सॅम अँड मॅक्स सेव्ह द वर्ल्ड’ या संगणकीय खेळाच्या परिचयानंतर आलेल्या पत्रांपैकी निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहोत. ज्यांच्या नजरेतून तो परिचय निसटला असेल त्यांच्यासाठी एवढेच सांगतो, की सॅम हा सूट आणि हॅट घालणारा सहा फुटी कुत्रा आहे आणि मॅक्स हा सशासारखा दिसणारा, अंगावर चिंधीही नसलेला, अत्यंत उपद्व्यापी प्राणी आहे. न्यूयॉर्कमधील एका कळकट गल्लीत त्यांचे कार्यालय आहे आणि स्वतःला ते ‘फ्रीलान्स पोलीस’ म्हणवतात. खेळणाऱ्याने पडद्यावरील वस्तूंवर आणि माणसांवर माउसने क्लिक करत, संवाद साधत आणि वस्तू गोळा करत प्रकरणाचा छडा लावायचा असतो.

प्रश्न : हा खेळ सहा भागांचा आहे, असे आपण लिहिले होते. हे भाग सुटे-सुटे, हवे त्या क्रमाने खेळता येतील का? आणि मुळात एकच अखंड खेळ काढण्याऐवजी असे तुकडे करण्याचे कारण काय? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : तांत्रिकदृष्ट्या कोणताही भाग आधी खेळता येतो, परंतु क्रमानेच खेळावे असे मी आग्रहाने सांगेन. तुकडे का केले, याची कथा थोडी मागे जाऊन सांगावी लागेल.

या जोडीवरचा पहिला खेळ, ‘सॅम अँड मॅक्स हिट द रोड’, 1993 मध्ये लुकासआर्ट्स या कंपनीने काढला होता आणि तो आजही या प्रकारातील उत्तम खेळांत गणला जातो. पुढे त्याच कंपनीने दुसऱ्या खेळाची घोषणा केली, त्यावर बरेच कामही झाले, आणि मार्च 2004 मध्ये बाजारातील परिस्थितीचे कारण देऊन तो रद्द करण्यात आला. त्या काळी क्लिक करून कोडी सोडवण्याचे खेळ विकले जात नाहीत, अशी प्रकाशकांची पक्की समजूत झाली होती. त्याच वर्षी लुकासआर्ट्समधून बाहेर पडलेल्या काही मंडळींनी कॅलिफोर्नियातील सॅन राफेल येथे टेलटेल गेम्स ही छोटी कंपनी काढली आणि 2005 मध्ये सॅम व मॅक्सचे हक्क मिळवले. मोठा खेळ करायचा तर दोन-तीन वर्षे पदरचा पैसा घालत बसावे लागते, आणि तेवढा पैसा या मंडळींजवळ नव्हता. म्हणून त्यांनी दूरचित्रवाणीवरील मालिकेची पद्धत उचलली. दोन-चार तासांत संपणारा एक भाग करायचा, तो इंटरनेटवरून विकायचा, आणि लोक तो खेळत असताना पुढच्या भागाचे काम चालू ठेवायचे, असा तो हिशेब होता. पहिला भाग ऑक्टोबर 2006 मध्ये आला, आणि दुसऱ्यापासून सहाव्यापर्यंतचे भाग डिसेंबर ते एप्रिल 2007 या काळात दर महिन्याला एक याप्रमाणे आले. मासिकातल्या ‘क्रमशः’वर वाढलेल्या आपल्या पिढीला या पद्धतीचे नवल वाटू नये, पण खेळांच्या धंद्यात वेळापत्रक पाळून असे करून दाखवणे ही तेव्हा मोठीच गोष्ट होती.

आता क्रमाविषयी. खर्च वाचवण्यासाठी या मंडळींनी तीच गल्ली, तेच कार्यालय आणि तेच दुकान सहाही भागांत वापरले. एखाद्याने ही कंजुषी झाकून ठेवली असती. त्यांनी तिचाच विनोद केला. शेजारी राहणारी सिबिल नावाची बाई पहिल्या भागात मानसोपचारतज्ज्ञ असते, दुसऱ्या भागात ती सनसनाटी वृत्तपत्र काढते, तिसऱ्यात पैसे घेऊन साक्ष देते आणि चौथ्यात वधू-वर सूचक केंद्रासारखे काहीतरी चालवते. कोपऱ्यावरचा दुकानदार बॉस्को याला सतत कोणीतरी आपल्या मागावर आहे असे वाटत असते. तो वेगवेगळ्या देशांच्या माणसांची सोंगे घेतो आणि घरी बनवलेल्या विचित्र शस्त्रांच्या किमती भागागणिक अशा काही वाढवतो, की सॅम-मॅक्सना पैसा उभा करण्यासाठी नवे लफडे करावेच लागते. ही वाढ ओळीने पाहण्यातच मजा आहे. शिवाय सहा प्रकरणांमागे एकच सूत्रधार असून तो अखेरच्या भागात, चंद्रावर, उघड होतो. पाचवा भाग आधी खेळलात तर ते रहस्य निम्मे फुटेल.

प्रश्न : मी पहिल्याच भागात, पहिल्याच खोलीत अडकलो आहे. टेलिफोन वाजतो आहे, पण तो जिमी नावाच्या उंदराने पळवून आपल्या बिळात ठेवला आहे आणि बदल्यात तो स्विस चीज मागतो. मला चीज मिळाले, पण ते स्विस नाही. सारे कार्यालय धुंडाळून झाले. मुलगा म्हणतो, ‘बाबा, वॉकथ्रू बघा’, म्हणजे खेळाची पायरी-पायरीने दिलेली उत्तरे. बघावे का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : बघू नये. निदान अर्धा तास तरी बघू नये, आणि त्याचे कारण सांगण्यासाठीच आपले पत्र मी निवडले आहे.

आपण आतापर्यंत काय काय केलेत ते मला माहीत नाही, परंतु बहुधा आपण चीज उंदराला देऊन पाहिले असेल, त्याच्याशी वाद घातला असेल, कपाट पुन्हा उघडले असेल. या प्रत्येक निष्फळ प्रयत्नाला सॅम, मॅक्स किंवा उंदीर काही ना काही उत्तर देतो, आणि त्यांतील बहुतेक उत्तरे हसवणारी असतात. साध्या कोड्यात चुकीच्या उत्तराला शिक्षा असते किंवा नुसती शांतता असते. येथे चुकीच्या क्लिकला बक्षीस आहे. लेखकांनी संवादांचा मोठा भाग, जे करून काहीच साधत नाही अशा कृतींसाठी लिहून ठेवला आहे. जो खेळाडू वॉकथ्रू समोर ठेवून अचूक क्लिक करत जातो त्याला कथा कळते आणि विनोद हुकतो. नाटकाला जाऊन फक्त पडदा पडतानाचा प्रवेश पाहून येण्यासारखे ते आहे.

तरीही आपण विचारलेच आहे, म्हणून उत्तराच्या दारापर्यंत नेतो. पडद्याच्या कोपऱ्यातील खोक्यात सॅमने गोळा केलेल्या वस्तू असतात. त्यात एक वस्तू अशी आहे, जी आपण मिळवलेली नाही, जी सुरुवातीपासूनच तेथे आहे, आणि जी सरळमार्गी माणसाच्या हाताला सहजी लागत नाही. आता स्वतःला विचारा, की स्विस चीज हे दिसायला इतर चीजपेक्षा कशामुळे वेगळे असते? त्याला भोके असतात. भोके पाडण्याचे साधन सॅमपाशी आहे.

येथे थांबणे बरे होते, पण माझाच धीर सुटतो. सॅमचे पिस्तूल उचला आणि चीजवर झाडा. काही क्षणांत साध्या चीजचे स्विस चीज होते, उंदीर ते मान्य करतो आणि टेलिफोन परत मिळतो. हे कोडे मला संपूर्ण मालिकेतील आदर्श कोडे वाटते, कारण त्यात तीन गोष्टी एकाच झटक्यात शिकवल्या जातात. एक म्हणजे येथे वस्तूचे नाव तिच्या रूपावरून ठरते, गुणावरून नाही. दुसरे असे, की पिस्तूल हे या जगात शत्रूला मारण्याचे साधन नसून बहुतेक वेळा पेचकसाच्या जागी वापरायचे हत्यार आहे. आणि तिसरी, सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी, की आपण ज्याला वेडगळपणा म्हणतो त्याला येथे स्वतःचा पक्का तर्क आहे. तो एकदा पकडला की पुढच्या भागांत अडकलात तरी आपण चिडणार नाही.

पुढे दुसऱ्या पर्वात, म्हणजे ‘बियाँड टाइम अँड स्पेस’मध्ये, सूचना किती वेळा मिळाव्यात हे ठरवण्याची सोय आहे, आपण रेंगाळलात की मॅक्स स्वतःच काहीतरी पुटपुटून दिशा दाखवतो. ती सोय खुशाल वापरावी, कारण ती सूचनादेखील विनोदाच्या वेषात येते.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. बोधकथांत प्राणी बोलतात ते काही शिकवण्यासाठी. या कुत्र्या-सशाच्या जोडीत तसे काही आहे का? आणि ही पात्रे कोणाच्या डोक्यातून निघाली? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : बाई, बोध शोधू गेलात तर निराशा होईल, पण जन्मकथा आपल्याला नक्की आवडेल. ही पात्रे चित्रकार स्टीव्ह पर्सेल यांच्या धाकट्या भावाने, डेव्हने, लहानपणी काढलेल्या चित्रकथांतून आली. डेव्ह एखादी गोष्ट अर्धवट टाकून गेला की थोरले बंधू ती हातात घेत आणि मुद्दाम वेडीवाकडी करून पुरी करत. त्यात दोन्ही पात्रे एकमेकांची नावे विसरत आणि विनाकारण पिस्तुले झाडत. अखेर डेव्हने एका वाढदिवसाला या पात्रांचे हक्कच थोरल्या भावाला भेट म्हणून लिहून दिले. पहिले चित्रकथेचे पुस्तक 1987 मध्ये निघाले. पुढे पर्सेल लुकासआर्ट्समध्ये चित्रकार म्हणून लागले, तेव्हा नव्या प्रोग्रामरांना सरावासाठी सॅम, मॅक्स आणि त्यांचे कार्यालय हेच चित्र दिले जात असे, आणि त्यातूनच 1993 च्या खेळाची वाट निघाली. नंतर 1997 मध्ये 24 भागांची व्यंगचित्र मालिकाही आली. पर्सेल यांचेच नाव ‘ब्रेव्ह’ या 2012 च्या चित्रपटाच्या सहदिग्दर्शकांत आढळेल.

पात्रे प्राण्यांची का, याचे माझे उत्तर असे आहे. सॅम लांबलचक, अलंकारिक, अनेक उपवाक्यांची वाक्ये बोलतो, आणि मॅक्स त्यावर दोन शब्दांत काहीतरी भयंकर बोलून मोकळा होतो. आपल्याकडच्या बतावणीत एकाने भारदस्त बोलावे आणि दुसऱ्याने त्याची टोपी उडवावी, तसाच हा प्रकार आहे. हीच जोडी माणसांची असती तर मॅक्सचा प्रत्येक उद्गार गुन्हेगाराचा वाटला असता. पांढऱ्या, मऊ कानांच्या प्राण्याच्या तोंडी तो निरागस वाटतो आणि क्षणभराने आपल्याला कळते, की तो मुळीच निरागस नाही.

प्रश्न : कार्टूनचे प्राणी पाहून माझी नऊ वर्षांची मुलगी हा खेळ मागते आहे. द्यावा का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : माझ्या मते आणखी तीन-चार वर्षे थांबावे. रक्तपात दिसत नाही, परंतु नायक म्हणवणारे दोघेजण कायद्याला फारसे जुमानत नाहीत. एक उदाहरण देतो. त्यांच्या जुन्या डीसोटो मोटारीत बसून आपण पुढच्या गाडीचा मागचा दिवा गोळी घालून फोडू शकतो, आणि मग कर्णा हातात घेऊन त्याच चालकाला ‘दिवा फुटलेला आहे’ म्हणून दंड करू शकतो. मोठ्या माणसाला यातला उपहास कळतो. चौकात पावती फाडण्याचा अनुभव असलेल्याला तर जरा जास्तच कळतो. नऊ वर्षांच्या मुलीला यात फक्त युक्ती दिसेल. खेळावेसे वाटलेच, तर माउस तिच्या हाती देऊन आपण शेजारी बसावे आणि संवाद वाचून दाखवावेत. अनेक घरांत हा खेळ तसाच खेळला गेला असावा.

प्रश्न : आम्ही बारा वर्षे कॅलिफोर्नियात राहतो, तरी या खेळातले निम्मे विनोद माझ्या आईला समजावून सांगताना माझी दमछाक होते. याचा मराठी अनुवाद होऊ शकेल का? (एक वाचक, फ्रीमॉन्ट)

उत्तर : अनुवाद होऊ शकेल असे काही भाग आहेत आणि ज्यांच्यापुढे हात टेकावेत असेही आहेत.

तिसऱ्या भागाचे नाव घ्या, ‘द मोल, द मॉब अँड द मीटबॉल’. इंग्रजीत ‘मोल’ म्हणजे जमिनीत बिळे करणारा एक छोटा प्राणी, आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ टोळीत पेरलेला हेर. पोलीस आयुक्तांचा ‘मोल’ खेळण्यांच्या माफियात शिरून बेपत्ता होतो, आणि शोध घेतल्यावर तो खरोखरीच मोल निघतो. मराठीत हेराला आपण ‘घरभेदी’ किंवा ‘खबऱ्या’ म्हणतो, आणि यांपैकी कोणालाही बीळ नसते. येथे अनुवादकाने मूळ कोटी सोडून देऊन नवीच शोधावी. तळटीप देऊन कोटी समजावली की ती मेलीच.

उलट दुसऱ्या भागातील दूरचित्रवाणीची थट्टा आपल्या आईंना अनुवादाशिवायही कळेल. तेथे सॅम-मॅक्सना स्टुडिओत प्रसिद्धी मिळवण्यासाठी अनेक कार्यक्रमांतून काम करावे लागते. एक पाककृतीचा कार्यक्रम आहे, त्याचे नावच ‘न बघता स्वयंपाक’ अशा अर्थाचे आहे. एक गाण्याची स्पर्धा आहे. आणि एक विनोदी मालिका आहे, जिच्यात दोन गुराखी शहरातल्या भाड्याच्या घरात मालकाच्या नकळत गाय लपवून ठेवतात. संध्याकाळी सात ते दहा दूरदर्शन संच चालू असलेल्या कोणत्याही मराठी घरात या तिन्हींची ओळख पटेल.

मधली अवस्था चौथ्या भागाची, ‘एब लिंकन मस्ट डाय!’ची आहे. अमेरिकेचे अध्यक्ष कोणाच्या तरी ताब्यात असल्याचे निघते. मग लिंकन स्मारकातील प्रचंड पुतळा जिवंत होऊन निवडणुकीला उभा राहतो आणि त्याच्याविरुद्ध उमेदवार म्हणून कोण, तर मॅक्स. लिंकनचे राष्ट्राच्या मनातील स्थान ठाऊक नसेल तर पुतळ्याच्या तोंडी घातलेले उथळपण बोचत नाही. परंतु निवडणुकीतील वादविवाद, घोषणा आणि उमेदवाराला बोलण्यात अडकवण्याचे डाव यांसाठी कोणत्याही मराठी माणसाला शब्दकोश लागणार नाही. मॅक्स निवडून येतो. पुढच्या भागांत तो अध्यक्ष असूनही त्याच कळकट कार्यालयात बसतो, हा माझ्या मते पूर्ण पर्वातील सर्वांत दूरवर पोचणारा विनोद आहे. हा भाग पुढे मोफत उपलब्ध करून देण्यात आला होता. मीही याच दारातून आत शिरलो, तेही डाउनलोड दोनदा अर्ध्यावर तुटल्यावर. त्यामुळे त्याच्याविषयी माझा थोडा पक्षपात आहे, हे कबूल करतो.

आईंसाठी एक व्यवहारातली गोष्ट सांगतो. उपशीर्षके चालू ठेवा. सॅमचे वाक्य कानाने पकडण्याआधीच मॅक्सचा टोला येऊन जातो. डोळ्यांना ते वाक्य पुन्हा पाहायला मिळाले की निम्मी दमछाक वाचते.

प्रश्न : पहिली दोन पर्वे आवडली म्हणून तिसरे घेतले, तर त्यात क्लिक करून सॅम चालतच नाही! हा दोष माझ्या संगणकाचा आहे का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : संगणक निर्दोष आहे. 2010 मध्ये आलेल्या ‘द डेव्हिल्स प्लेहाउस’ या तिसऱ्या पर्वात चालण्याची पद्धतच बदलण्यात आली, आणि सॅमला कळफलकाने किंवा माउस दाबून ओढत चालवावे लागते. हे पर्व प्लेस्टेशन 3 या टीव्हीला जोडायच्या खेळयंत्रावरही काढायचे होते, आणि तेथे माउस नसतो. सुरुवातीला मलाही राग आला होता. वस्तूंवर क्लिक मात्र पूर्वीसारखेच चालते, हे लक्षात ठेवून दोन तास तग धरा, कारण रचनेच्या दृष्टीने हे पर्व सर्वांत धीट आहे. मॅक्सला अतींद्रिय शक्ती मिळतात, त्यांपैकी एक म्हणजे भविष्य पाहण्याची. कोड्याचे उत्तर आधी दिसते आणि तेथवर पोचायचे कसे, हेच कोडे होऊन बसते. दुसऱ्या भागात सॅम-मॅक्सच्या पणजोबांची कथा चित्रपटाच्या वेगवेगळ्या रिळांवर असते आणि आपण एका रिळातून दुसऱ्या रिळात हवे तसे मागेपुढे जात एका काळातली माहिती दुसऱ्या काळात वापरतो. पहिल्या दोन पर्वांतील ढिलाई येथे नाही, आणि खरे सांगायचे तर थोडी ती ढिलाईच मला आठवत राहते.

प्रश्न : जुनी आवृत्ती घ्यावी की नवी? टेलटेल कंपनी बंद पडली असे वाचले होते, मग नवी काढली कोणी? (एक वाचक, पुणे)

उत्तर : टेलटेल 2018 मध्ये कोलमडली, हे खरे. परंतु पात्रे पर्सेल यांच्या मालकीची राहिली होती, आणि याच कारणामुळे 2005 मध्येही ती एका कंपनीकडून सुटून दुसरीकडे जाऊ शकली होती. टेलटेलमधील काही जुन्या सहकाऱ्यांनी स्कंकेप गेम्स ही छोटी कंपनी काढून तिन्ही पर्वे डागडुजी करून पुन्हा प्रकाशित केली. पहिले डिसेंबर 2020 मध्ये, दुसरे डिसेंबर 2021 मध्ये आणि तिसरे ऑगस्ट 2024 मध्ये. कंपनीचे नाव तिसऱ्या पर्वातील अंतराळवासी गोरिला खलनायकाच्या नावावरून घेतले आहे, यावरूनच मंडळी कोणत्या मातीची आहेत ते कळावे.

नवीच घ्या. प्रकाशयोजना सुधारली आहे, ओठांच्या हालचाली संवादांशी जुळतात आणि जेरेड इमर्सन-जॉन्सन यांचे जॅझ संगीत स्वच्छ ऐकू येते. ते संगीत खेळ बंद करूनही ऐकावे असे आहे. बॉस्को या कृष्णवर्णीय पात्राला पूर्वी गोऱ्या नटाचा आवाज होता, तो बदलून कृष्णवर्णीय नटाकडून पुन्हा ध्वनिमुद्रित करून घेतला आहे, आणि काही जुने विनोदही गाळले किंवा बदलले आहेत. यावर जुन्या चाहत्यांत बरीच वादावादी झाली. मी दोन्ही आवृत्त्या खेळलो आहे आणि मला एकही गाळलेला विनोद आठवून हळहळ वाटली नाही.

प्रश्न : मॅक्सच्या अंगावर कपडे नाहीत, खिसा नाही, पट्टा नाही. मग तो पिस्तूल ठेवतो कुठे? (इयत्ता नववीतील एक वाचक, लातूर)

उत्तर : हाच प्रश्न सॅमनेही मॅक्सला विचारला होता. तुला काय करायचंय, अशा आशयाचे उत्तर त्याला मिळाले, आणि सॅमने तो विषय तेथेच सोडला.